मेडिकल सोडून जंगलात जाऊ का?

चोपडा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. नाव-गाव देत नाही, पत्र लांब आहे म्हणून थोडक्यात सांगतो. वय २६, डी. फार्म झालेलं, ४ वर्षांपासून मेडिकलवर बसतो, सकाळी साडेनऊ ते रात्री साडेनऊ. घरी ४ एकर केळी, ती वडील आणि सालदार मिळून बघतात. दोन वर्षांपासून रात्री झोपायच्या आधी जंगलात राहणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघतो, लाकडावर लाकूड घासून आग, पानांची झोपडी, पायांच्या ठशांवरून प्राणी ओळखणं असं सगळं. साडेचार हजाराचा चाकू मागवलाय. आता परराज्यात २१ दिवसांचा एक कोर्स आहे, फी सव्वादोन लाख, त्याला जायचंय, आणि त्याआधी स्वतःची परीक्षा म्हणून एप्रिल-मे मधे ३० दिवस एकट्याने सातपुड्यात राहायचंय, सोबत चाकू, ताडपत्री आणि काही नाही. नंतर नोकरी सोडून हेच करायचं. वडील म्हणतात "जंगलमा काय धरेल शे रे?" मोठी बहीण म्हणते आधी लग्न कर. पत्रात एक वाक्य असं आहे, "आमच्या भागात हे शिकवणारं कोणीच नाही." आणि शेवटी प्रश्न, नोकरी सोडू का, आणि वडिलांना कसं पटवू?

भाऊ, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना पेन घेऊन बसलो, मास्तरकीची जुनी सवय आहे, ३१ वर्षं पेपर तपासले. चाकूचं नाव ६ वेळा आलंय, आगीचं ४ वेळा, आणि प्राण्याचं फक्त दोनदा, एकदा वाघ, एकदा शेतात आलेली डुकरं. झाड एकही नाही. पक्षी एकही नाही. रागावू नको, पण ज्याला जंगल वाचायचंय त्याच्या पत्रात जंगल एवढं कमी कसं, हा प्रश्न मला पडला तो तुलाही पडू दे. मला वाटतं तुझ्या मनात दोन गोष्टी एकमेकीत गुंतल्यात. एक म्हणजे काउंटरच्या मागून सुटायचंय, ते १२ तास, ती उधारीची वही, ते "डॉक्टरने हीच लिहिली आहे का, दुसरी स्वस्त द्या". दुसरी म्हणजे जंगल खरंच कळून घ्यायचंय. दोन्ही खऱ्या आहेत, पण पहिलीचं औषध दुसरीत शोधलंस तर दोन्ही बिघडतात, औषधांचं तर तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आधी ते ३० दिवसांचं बोलू, कारण त्याची मला काळजी वाटते. सातपुडा मोकळा पडलेला नाही. तुझ्या गावाच्या पूर्वेला यावल अभयारण्य आहे, १९६९ पासूनचं, पश्चिमेला शिरपूरकडे अनेर धरणाचं अभयारण्य, १९८६ चं, आणि मधलं जंगलही वनखात्याच्या ताब्यात. अभयारण्यात बिनपरवानगी शिरणं हाच १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तिथे आग लावणं तर आहेच आहे, आणि राखीव जंगलात आग पेटवली की १९२७ चा वन कायदा लागतो. व्हिडिओत तो माणूस ऐटीत शेकोटी करून बसतो ना, ती जमीन बहुतेक त्याची स्वतःची असते किंवा त्याने परवानगी काढलेली असते, ते तो सांगत नाही कारण त्यात मजा नाही. आणि एप्रिल-मे? अरे, त्या दिवसांत सागाची पानं गळून जमिनीवर पापडासारखी वाळलेली असतात, एक ठिणगी पडली की अख्खा डोंगर काळा. उन्हाचा पारा ४४-४५ ला जातो हे मी चोपड्याच्या माणसाला काय सांगू. त्यात एप्रिल म्हणजे मोहफुलांचे दिवस, पहाटे बायका-पोरं फुलं वेचायला जातात आणि त्याच झाडाखाली अस्वलही त्याच फुलांसाठी आलेलं असतं, अस्वलाला ऐकू-दिसू कमी येतं असं म्हणतात पण समोरासमोर आलं की ते पळत नाही, अंगावर येतं. तिथे साडेचार हजाराचा चाकू काही कामाचा नाही.

आणि "एकट्याने" हे कुठून आलं? सातपुड्यात पावरा, भिल्ल, तडवी यांची गावं आहेत, पाडे आहेत, गुरं चारणारे आहेत, तुला जे रान वाटतं ते कोणाचं तरी अंगण आहे. पाठीवर बॅग आणि कमरेला चाकू लावून अनोळखी पोरगा नाल्यात झोपलेला दिसला तर ते काय समजतील? मी असतो तर लाकूडचोर किंवा शिकारी समजलो असतो आणि फॉरेस्टवाल्यांना फोन केला असता.

बरं, जुनी माणसं तरी एकटी राहत होती का, तर नाही. तुझ्या घरापासून मोटारसायकलवर अडीच-तीन तासावर चाळीसगावजवळ पाटणे आहे, पाटणादेवीला तू गेलाच असशील. तिथे १९७० च्या दशकात शां. अ. साळी यांनी उत्खनन केलं तेव्हा दगडाची बारीक बारीक हत्यारं निघाली, आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे, त्यांचे केलेले मणी, आणि एका तुकड्यावर कोरलेली आडव्या-तिरप्या रेघांची जाळी. साधारण २५ हजार वर्षांपूर्वीचं काम. खानदेशात शहामृग होते आणि माणसं बसून त्याच्या अंड्याचे मणी घासत होती! एकटा जीव वाचवत पळणारा माणूस मणी घासत बसत नाही रे, मणी कोणाच्या तरी गळ्यात घालायला करतात. तुझ्या त्या व्हिडिओतल्या आदिम जगण्यात हा भाग नेमका गाळलेला असतो. (तिकडे गेलास तर दगड दिसले म्हणून खिशात घालू नको, बघ, फोटो काढ, तिथेच ठेव.)

आता तुझं ते वाक्य, आमच्या भागात शिकवणारं कोणीच नाही. हे तू लिहिलंस आणि त्याच पानावर वरती लिहिलंस की तुमचा सालदार पावरा आहे, १४ वर्षांपासून तुमच्याकडे आहे, आणि मागच्या महिन्यात डुकरं कोणत्या बांधाने आली आणि किती होती हे त्याने सकाळी चालता चालता सांगितलं. अरे मग हे काय आहे? तो इंग्रजी बोलत नाही आणि त्याचं चॅनल नाही एवढंच ना?

माझी स्वतःची फजिती सांगतो. अनेरच्या खालच्या अंगाला, फेब्रुवारी महिना, सकाळी साडेसात वाजले असतील, केळीच्या बागेला लागून बैलगाडीचा रस्ता, धूळ अशी मऊ की पिठीसारखी. त्यात ठसे. चार बोटं, नखं उमटलेली, मी लगेच वहीत लिहिलं "लांडगा", मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून, कारण लांडगा दिसावा अशी माझी लई इच्छा होती. तेवढ्यात बागेतून पाणी सोडायला आलेला म्हातारा बाबा थांबला, वाकला नाही की काही नाही, उभ्यानेच बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, हाऊ लांडगा नही, तरस शे. पुढला पाय देखा कितला मोठा शे, मांगला धाकला." मी बसून टेप लावला तर खरंच, पुढचा पंजा मागच्यापेक्षा चांगलाच मोठा. तरसाचं सगळं वजन पुढे, मान-खांदे भरलेले आणि मागचा भाग उतरता, त्यामुळे पुढचे पाय मोठे. लांडग्यात एवढा फरक पडत नाही. मी फक्त एकच ठसा बघितला होता, बाबाने अख्खी चाल बघितली होती. मग तो मला पन्नास पावलं पुढे घेऊन गेला आणि बांधाजवळ विष्ठा दाखवली, वाळून खडूसारखी पांढरी, हाडं खाणाऱ्याची अशीच होते. वहीतलं "लांडगा" मी गिरवून मिटवलं नाही, वरून एकच रेघ मारून बाजूला तरस लिहिलं, ते पान अजून आहे.

तर सुरुवात इथून कर, बागेच्या बांधावरून. मांजराच्या जातीतल्या, म्हणजे रानमांजर, बिबट्या, वाघ यांच्या ठशात नखं सहसा उमटत नाहीत आणि तळव्याच्या गादीची मागची कड तीन फुगवट्यांची असते, कुत्रा-कोल्हा-लांडगा यांची नखं दिसतात आणि ठसा लांबोळका. अस्वलाला पाच बोटं आणि पुढच्या पंजाची लांब नखं पुढे टोचलेली, मागचा पाय तर अनवाणी माणसासारखा, माणसं फसतात. ससा उड्या मारतो तेव्हा मागचे पाय पुढे पडतात, म्हणजे ठसा बघून तो कुठे चालला हे नवशिका उलटं सांगतो. घोरपडीची शेपटी मधे रेघ ओढत जाते. रोही, म्हणजे नीलगाय, एकाच जागी लेंड्यांचा ढीग करते, पुन्हा पुन्हा येऊन. एवढं सगळं तुझ्या ४ एकरांच्या आसपास सहा महिन्यांत बघायला मिळेल, वाघ सोडून, आणि मुक्ताईनगरकडच्या लोकांना विचारशील तर ते म्हणतील वाघ का सोडून, आमच्याकडे डोलारखेड्याच्या केळीत वाघ फिरतो.

कसं बघायचं तेही सांगतो. सकाळी सूर्य खाली असतानाच जा, दुपारच्या उभ्या उन्हात ठसा सपाट होऊन जातो, आणि ठसा तुझ्या आणि सूर्याच्या मधे येईल असा उभा राहा म्हणजे सावली कडेला भरते. बांधाजवळ हात-दीड हात रुंद पट्टा साफ कर, नाल्यातली बारीक रेती चाळून पसर, संध्याकाळी झाडूने सारखी कर. सकाळी बघ कोण गेलं. ताजा ठसा दिसला की शेजारी स्वतःचं बोट दाब, आणि तासाने, दुपारी, दुसऱ्या दिवशी येऊन दोन्ही बघ, कडा कधी ढासळतात, दव पडल्यावर काय होतं, मुंग्यांनी माती कधी उकरली. ठसा किती जुना हे व्हिडिओवरून शिकता येत नाही, कारण तुझी माती वेगळी, काळी जमीन वेगळी, नदीची पोयट्याची वेगळी. आणि ठशांच्या नादात कान बंद ठेवू नको, सातभाई पक्षी एका झुडपाभोवती कलकलाट करत असले तर आत साप किंवा मुंगूस असण्याची शक्यता खूप, वानराची धोक्याची हाक, तो खोक, वेगळा, टिटवीचं रात्रीचं ओरडणं वेगळं.

चूक होणार, रोज होणार. मोठ्यांच्याही झाल्यात. वाघांची मोजणी आपल्याकडे कितीतरी वर्षं ठशांवरून व्हायची, ओडिशातल्या सरोज राज चौधरी यांनी १९६६ मधे बसवलेली पद्धत, आणि मग राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि २००४-०५ मधे कळलं की जंगलात एकही उरला नाही. त्यानंतर २००६ पासून कॅमेरे आणि दुसरी पद्धत आली. ठसा खोटं बोलत नाही रे, बघणाऱ्याला जे हवं असतं ते त्याला दिसतं, माझा लांडगा तसाच.

आणि आपल्या खानदेशातलंच दुसरं उदाहरण घे, रानपिंगळा. हा छोटा घुबडाच्या जातीचा पक्षी १८८४ नंतर कोणाला सापडलाच नव्हता, मोठमोठ्या पक्षीतज्ञांनी शोधला. झालं होतं असं की रिचर्ड माइनर्ट्झहेगन नावाच्या एका प्रसिद्ध साहेबाने तो आपण १९१४ मधे गुजरातेत मारला असं लेबल लावून ठेवलं होतं. पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने तपासले तेव्हा कळलं की तो पक्षी मुळात खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसनने गोळा केलेला, साहेबाने चोरून त्यावर खोटी तारीख आणि खोटी जागा चिकटवली होती. ते लेबल बाजूला ठेवलं आणि जुन्या खऱ्या जागांवर शोधलं तर नोव्हेंबर १९९७ मधे शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला, तोही दिवसाढवळ्या झाडावर बसलेला. ११३ वर्षांनी! एका माणसाने वहीत खोटं लिहिलं म्हणून शोधणारे भलतीकडे फिरत राहिले. म्हणून तुला चाकूपेक्षा २० रुपयांची वही आधी घ्यायला सांगतोय. तारीख, वेळ, जागा, माप, आणि माहीत नसेल तर "माहीत नाही" असं लिही.

सालदाराकडे कसं शिकायचं हे मात्र नीट ऐक, कारण इथे माझ्यासारखे शिकलेले लोक माती खातात. तो तुमच्या घरी कामाला आहे, तू मालकाचा पोरगा, "दाखव रे" म्हणालास तर तो दाखवेल पण तो हुकूम झाला. त्याच्या सुट्टीच्या दिवशी त्याच्यासोबत त्याच्या पाड्यावर जा, बोलावलं तर. त्याचा दिवस मोडून शिकणार असशील तर वडिलांना सांगून त्या दिवसाचा वेगळा रोज दे. फोन काढून शूटिंग सुरू करू नको. तो कोणती वनस्पती कशावर देतो हे सांगेल, ते त्याने तुला सांगितलं, जगाला नाही, आणि तू मेडिकलवाला आहेस म्हणून उगाच खोडूनही काढू नको, अपवाद एकच, सापाचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, यातलं कोणीही चावलं तर ना आवळपट्टी, ना भगत, ना तुझ्या काउंटरवरची गोळी, माणूस हलू न देता गाडीत घालायचा आणि सरकारी दवाखाना. हे तू रात्री-बेरात्री शटर वाजवणाऱ्या लोकांना सांगू शकतोस, त्या खुर्चीचा हाही उपयोग आहे. आणि तरसाची गुहा, बिबट्याची जागा, घुबडाचं घरटं, यांचं लोकेशन कुठेही टाकायचं नाही, फोटोतलंही बंद ठेवायचं. सांबराचं गळालेलं शिंग सापडलं तरी घरी आणायचं नाही, ते बाळगणं गुन्हा आहे.

हाताच्या कला म्हणशील तर त्या घरीच सुरू होतात. तुझ्या बागेत घड कापल्यावर खोडं पडतात, त्याचं वाळलेलं सोपट घे, पट्ट्या फाड, दोन पदर घे, प्रत्येकाला एका अंगाने पीळ आणि दोघांना मिळून उलट्या अंगाने, दोर आपोआप धरून बसतो. पहिला दोर तुटेल, दहाव्याने बकरी बांधशील. आग शिकायचीच असेल तर स्वतःच्या शेतात, पावसाळ्यानंतर, पाण्याची बादली शेजारी ठेवून. आपल्याकडे यज्ञासाठी अरणी घुसळून अग्नी काढतात तो हाच प्रकार, लाकडावर लाकूड. आणि माझ्या आजोबांच्या बटव्यात चकमक असायची, गारेचा दगड, लोखंडाची पट्टी, सावरीचा कापूस, ते बिडी पेटवायचे दोन ठोक्यात, मला पहिल्यांदा जमलं तेव्हा अंगठ्याचं कातडं सोललं होतं. गोफण फिरवता येते का? नसेल तर आजोबांच्या वयाच्या कोणालाही विचार. कोरड्या नाल्यात झिरा, म्हणजे पाण्यासाठी खड्डा, कुठे खोदायचा हे विचार, बाहेरच्या वळणावर की आतल्या, उन्हाळ्यात पाणी कुठे राहतं. यातल्या एकाही गोष्टीला सव्वादोन लाख लागत नाहीत.

कोर्स वाईट असतो असं मी म्हणत नाही, चांगला मास्तर वर्षाचं काम महिन्यात करतो. पण वर्षभर वही भरल्यावर जा. आणि पैसे भरायच्या आधी त्यांना विचार, वनखात्याची लेखी परवानगी आहे का, जवळचा दवाखाना किती लांब, एका शिकवणाऱ्यामागे किती पोरं, आणि शेवटी परीक्षा कशी घेतात. दक्षिण आफ्रिकेत सायबरट्रॅकर नावाची एक पद्धत आहे, तिथे अक्षर न येणाऱ्या मागकाढ्यांसाठी चित्रांवर चालणारं सॉफ्टवेअर बनवलं गेलं आणि त्यांची परीक्षा जंगलातच घेतात, समोरच्या ठशावर बोट ठेवून विचारतात हे कोणाचं, कुठला पाय, काय करत होता. तसं काही नसेल आणि फक्त सर्टिफिकेट आणि टी-शर्ट मिळणार असेल तर तेवढ्या पैशात बागेचं ठिबक बदलून होईल.

पोटाचं. खरं सांगतो, नुसतं ठसे वाचून घर चालवणारा माणूस मला आपल्या भागात माहीत नाही. वनरक्षकाची भरती निघते, बारावी सायन्स तुझं आहेच, पुरुषांना ४ तासांत २५ किलोमीटर चालायची चाचणी असते, ती तुला ३० दिवस लपून राहण्यापेक्षा जास्त परीक्षा देईल, वयाची अट मात्र जाहिरात निघाली की लगेच बघ, तू काठावर आहेस. संशोधन करणाऱ्यांना फील्डवर मदतनीस लागतात, पगार बेताचा, पण शिकायला उत्तम. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत एम.एस्सी. आहे, पण त्याला पदवी लागते, नुसत्या डी. फार्मवर होत नाही, म्हणजे हवंच असेल तर आधी पदवीची तीन वर्षं तरी धर. तोपर्यंत बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं पाणवठ्यावर मचाणावर बसायला लोकांना घेतं त्याचा अर्ज कर, जानेवारीत पाणपक्ष्यांची मोजणी होते, हतनूर धरणावर भरपूर पक्षी असतात, तिथे मोजणाऱ्यांच्या मागे मागे फिर. म्हणून माझं मत, नोकरी आत्ता सोडू नको. मालकाशी बोलून आठवड्यातली एक सकाळ आणि एक पूर्ण दिवस सोडवून घे, पगार थोडा कापला तरी चालेल. वर्षाने वही घेऊन ये, मग सोडायची का ते बघू, तेव्हा कदाचित मीच सोड म्हणेन.

वडिलांना पटवू नको. त्यांना एकदा पहाटे बांधावर घेऊन जा आणि विचार, आबा, ही डुकरं कुठून शिरतात, तुम्ही लहान असताना इथे काय काय यायचं. लग्नाचं मी काही बोलत नाही, ते तुझ्या बहिणीचं खातं आहे.

दुकान साडेनऊला उघडतं, सूर्य साडेसहाला वर येतो, मधे तीन तास आहेत. रेती आज संध्याकाळीच चाळून ठेव. पुढच्या पत्रात चाकूचं काही लिहू नको, कोण गेलं ते लिही, मापासकट, पुढच्या पायाचं वेगळं आणि मागच्याचं वेगळं.